ती हो म्हणत नव्हती

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. पिकअपच्या मागे राहण्याचा ट्रेलर, म्हणजे चाकांवरचं छोटं घर, ओढत आम्ही सहलीहून परत येत होतो, चौथा दिवस, दुपारची वेळ, मागच्या सीटवर पोरगा कानाला हेडफोन लावून गुंग, शेजारी बायको, आणि अमेरिकेतल्या इंटरस्टेट हायवेचा तो जुन्या काँक्रीटचा लांबलचक पट्टा. ज्यांनी असा रस्ता ट्रेलर ओढत पार केलाय त्यांना आवाज वेगळा सांगायला नको, दर अर्ध्या सेकंदाला टक-टप, टक-टप, आणि प्रत्येक टक-टप बरोबर पिकअपचं नाक वर जातं, खाली येतं, परत वर. होडीत बसल्यासारखं. मी अगदी खुशीत होतो, सहल छान झाली होती, निदान माझ्या मते तरी, म्हणून मी सहज विचारलं, ‘काय मग, पुढच्या वर्षी पुन्हा यायचं ना?’ तिने मान हलवली. एकदा नाही, चांगली पाच-सहा वेळा, हो हो हो. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. दोनेक मैल गेल्यावर ती समोर बघतच म्हणाली, ‘मी हो म्हटलेलं नाही. तो रस्ता म्हणतोय.’

मी हसलो. ती हसली नाही.

हे वाक्य नंतर कितीतरी दिवस डोक्यात राहिलं. नीट आठवून बघितलं तर त्या चार दिवसांत ती कायम उजव्या हाताने दारावरचं हँडल धरून बसलेली होती, कॉफीचा कप मांडीवर दोन गुडघ्यांत, आणि झाकण काढून प्यायची नाहीच, छोट्या भोकातून घोट-घोट. पोराला दुसऱ्या दिवशी मळमळलं तेव्हा मी म्हणालो होतो की मोबाईलमध्ये बघू नकोस. म्हणजे सगळे आपापल्या परीने त्या उसळण्याशी जुळवून घेत होते आणि मी स्टिअरिंगमागे बसून असं धरून चाललेलो की एवढं मोठं धूड मागे आहे म्हटल्यावर एवढं होणारच. चालवणाऱ्याला कमी जाणवतं हेही खरं, हातात चाक असलं की अंगाला पुढचा धक्का आधीच कळलेला असतो.

घरी आल्यावर मी तेच केलं जे माझ्यासारखी माणसं करतात. वस्तू विकत घेतली. ट्रेलर जोडला की ट्रकची, म्हणजे आमच्या पिकअपची, शेपूट बसते हे दिसतच होतं, मग मनाने हिशोब केला की मागचे स्प्रिंग मऊ आहेत, शेपूट बसते म्हणून नाक उडतं, तर मागे एअरबॅग टाकू. म्हणजे ॲक्सल आणि चॅसीच्या मध्ये रबराचे फुगे, हवा भरली की मागची बाजू वर. शनिवारचा अख्खा दिवस गाडीखाली उताणा पडून बसवले, पाठीला खडी रुतली, पण संध्याकाळी हवा भरल्यावर ट्रक असा सरळ उभा राहिला की फोटो काढला. पुढच्या ट्रिपला निघालो आणि उसळणं कमी व्हायच्या ऐवजी कडक झालं. आधी होडी होती, आता पाटावर बसून जिन्यावरून खाली आल्यासारखं. बायको काही बोलली नाही, हँडल मात्र सुटलं नाही.

त्या ट्रिपला कँपग्राउंडवर शेजारच्या जागेत एक म्हातारे गृहस्थ होते, आयुष्यभर मोठे ट्रक चालवून निवृत्त झालेले. मी ट्रेलर सोडवत होतो आणि ते खुर्चीतून नुसते बघत होते. अशा बघण्याचा मला राग येतो, पण हे उठून आले, माझ्या हिचकडे, म्हणजे ट्रेलर ट्रकला जोडणाऱ्या सांगाड्याकडे, पाच मिनिटं पाहिलं, मग ट्रकच्या पुढच्या चाकाकडे गेले आणि फेंडरखाली हाताची बोटं घालून चाक आणि पत्रा यांतलं अंतर चाचपलं. मागे बघितलंच नाही. मला म्हणाले, ‘तू मागची बाजू उचलून बसलायस. तुझं भांडण पुढच्या बाजूशी आहे.’ आणि विचारलं, वजन केलंयस का कधी? मी म्हणालो ट्रेलरच्या कागदावर वजन लिहिलेलं आहे. ते परत खुर्चीत जाऊन बसले.

वजन. खरं तर ही गोष्ट मला माहीत असायला हवी होती, आणि गंमत म्हणजे माहीत होतीच, फक्त वेगळ्या कप्प्यात पडून होती. माझे आजोबा बैलगाडी हाकायचे. गाडी भरताना ते दोन शब्द वापरायचे, धुरजड आणि उलाळ. पुढे जास्त भरलं की गाडी धुरजड, जू बैलांच्या मानेवर दाबतं. मागे जास्त भरलं की उलाळ, जू वर उचलतं आणि बैलांच्या गळ्याला फास लागतो. चढ आला की ते हाकता हाकता पुढे सरकून बसायचे, उताराला मागे. एक माणूस इंचाइंचाने स्वतःला सरकवून अख्ख्या गाडीचा तोल सांभाळतोय हे मी मागे पाय सोडून बसून बघितलेलं आहे, आणि तरी चाळिशी उलटल्यावर मी ट्रेलर भरताना सामान जिथे मावेल तिथे कोंबत होतो. ट्रेलरवाले ज्याला टंग वेट म्हणतात, म्हणजे ट्रेलरची जीभ, त्याचा पुढचा दांडा, हिचच्या बॉलवर, ज्या लोखंडी गोळ्यावर तो टेकतो त्यावर, किती वजन टाकते, ते दुसरं काय आहे? ट्रेलरच्या भरलेल्या वजनाच्या 10 ते 15 टक्के असावं असं धरतात. त्याच्या खाली गेलं की ट्रेलर उलाळ, आणि मग तो शेपटीसारखा डावीउजवीकडे झुलायला लागतो, ते तर उसळण्यापेक्षा कितीतरी वाईट, तिथे जिवाशी गाठ. फार वर गेलं की धुरजड, ट्रकची मागची बाजू चेपते. दोन शब्दांत आजोबांचं होत होतं, मला एवढं वाक्य लागलं.

मग केलं वजन. परतीच्या वाटेवर ट्रक स्टॉपला कॅट स्केल होता, मोठे ट्रक उभे राहतात त्या काट्यावर आपण आपलं खेळणं घेऊन जायचं म्हणजे जरा लाजल्यासारखं होतं, मागे अठरा चाकी येऊन उभा राहतो, त्याचं इंजिन धडधडत असतं. काट्याच्या तीन वेगळ्या फळ्या असतात, पुढचं ॲक्सल पहिल्या फळीवर, मागचं दुसऱ्या, ट्रेलरची चाकं तिसऱ्या. तीनदा वजन केलं. एकदा सगळं जोडून, एकदा ट्रेलर जोडलेला पण हिचचे स्प्रिंग बार, म्हणजे वजन पुढेमागे वाटून देणारे दोन दांडे, काढून, आणि एकदा ट्रेलर बाजूला पार्क करून नुसता ट्रक. नुसत्या ट्रकचं पुढचं ॲक्सल 3,260 पाउंड. ट्रेलर बॉलवर टेकवला, बार नाहीत, तर तेच 2,880. म्हणजे 380 पाउंड पुढच्या चाकांवरून नाहीसे. मागचं ॲक्सल 2,740 वरून थेट 3,980. मी गाडीतच बसून मोबाईलवर गुणाकार-भागाकार केले, टंग वेट निघालं 860, ट्रेलर एकूण 7,100, म्हणजे 12 टक्के. टक्केवारी बरोबर! पण मागच्या ॲक्सलवर 860 नाही, 1,240 वाढलेत, कारण बॉल ॲक्सलच्या पाच-साडेपाच फूट मागे आहे आणि ट्रक म्हणजे सीसॉ, मागच्या टोकाला दाबलं की पुढचं टोक उचलणार. हलकं झालेलं नाक प्रत्येक सांध्याला उडणार नाही तर काय करणार. स्टिअरिंग आणि पुढचे ब्रेक हलके होतात ते वेगळंच, त्याचा विचार करून मला तिथेच घाम आला.

आता माझ्याकडे वेट डिस्ट्रिब्यूशन हिच होतं की. महागातलं, ट्रेलर घेताना डीलरकडूनच बसवून घेतलेलं. त्या हिचचे दोन स्प्रिंग बार ट्रेलरच्या दांड्याखालून ताणून बसतात आणि तरफेसारखं मागच्या ॲक्सलवरचं ओझं उचलून थोडं पुढच्या चाकांवर आणि थोडं ट्रेलरच्या चाकांवर नेऊन टाकतात. एकचाकी ढकलगाडीचे दोन्ही दांडे वर उचलून धरल्यासारखं. बार लावून माझं पुढचं ॲक्सल होतं 2,960. गेलेल्या 380 पैकी 80 परत आलेले. एवढा लोखंडाचा कारभार आणि 80 पाउंड! बार लावले म्हणजे काम झालं असं मी वर्षभर समजत होतो, ते किती ताणलेत हे बघायचं असतं हे मला कुणी सांगितलं नाही, आणि मीही मॅन्युअल उघडलं नाही, तेव्हा नुसतं डीलरला बोलण्यात अर्थ नाही. त्यात वर माझ्या एअरबॅग. बारांनी वजन पुढे ढकलायचं तर शेपूट थोडी बसलेली असावी लागते, मी फुगे फुगवून ती आधीच वर उचललेली, त्यामुळे बार निम्मे ढिले. मागची उंची सुधारली पण नाकावर वजन काही आलं नाही. फोटो छान आला होता एवढंच.

पुढचा रविवार हिचपायी गेला, आणि तो मला त्या सगळ्या प्रकारातला सर्वात आवडलेला दिवस. आधी एअरबॅगमधली हवा 5 पीएसआयवर आणली, अगदी रिकाम्या ठेवायच्या नसतात, घडीत चिरडतात. मग टेप घेऊन पुढच्या चाकाच्या बरोबर वर जमिनीपासून फेंडरच्या कडेपर्यंत मोजलं, नुसता ट्रक, 39 इंच. ट्रेलर टेकवला, 40. बार लावले, पावणेचाळीस. म्हणजे काट्याने जे सांगितलं तेच टेप सांगत होती. किती परत आणायचं हे ट्रकच्या मॅन्युअलमध्ये असतं, प्रत्येक कंपनीचं वेगळं, अगदी पूर्ववतच्या पुढे जाऊन नाक खाली दाबायचं नाही हे मात्र सगळीकडे सारखं. हिचचं डोकं मागे जितकं कलतं तितके बार जास्त ताणतात, आणि ते कलवायला आत वॉशर असतात. एक वॉशर घातला, पाना लावला, बोल्ट आवळले, जोडलं, मोजलं, पुन्हा सोडलं. दुसरा. तिसरा. बार हाताने लावायला गेलो तर ढिम्म, मग म्हाताऱ्या गृहस्थांनी सांगितलेली युक्ती, कपलर, म्हणजे जिभेच्या टोकाची वाटी, बॉलवर लॉक केल्यावर जॅकने ट्रेलरची जीभ ट्रकसकट वर उचलायची, शेपूट उचलली गेली की बार हलकेच जागेवर बसतात. हात ग्रीसने काळे, गुडघ्यावर पँट काळी, टेपवर बोटांचे ठसे. चौथ्या वॉशरला सव्वा एकोणचाळीस आलं. पोरगा बाहेर आला आणि म्हणाला बाबा तू काय करतोयस, मी म्हणालो पाऊण इंच खाली आणलंय, तो आत गेला.

पुन्हा काट्यावर गेलो. पुढचं 3,160, मागचं 3,500, ट्रेलर 6,440. बेरीज तीच, 13,100, एक पाउंड कुठे गेला नाही की आला नाही, नुसती जागा बदलली.

तरी उसळणं गेलं नव्हतं. अर्ध्यावर आलं होतं म्हणा, पण एक सांधा लागला की अजून तीन-चार हेलकावे व्हायचे. इथे मला एक गोष्ट उशिरा कळली, जी कळल्यावर आपण एवढे दिवस कसे बावळट होतो असं वाटतं. स्प्रिंग धक्का संपवत नाही, साठवतो आणि परत देतो. तो संपवतो शॉक ॲब्सॉर्बर, आतलं तेल बारीक भोकांतून दाबून, त्या घासण्याची उष्णता करून. म्हणून नुसते कडक स्प्रिंग घातले आणि शॉक तेच ठेवले तर नियंत्रण उलट कमी पडतं, माझ्या फुग्यांनी तेच केलं होतं. गाडीचा कोपरा दाबून सोडायचा आणि किती वेळा हलते बघायचं ही जुनी परीक्षा पिकअपला फारशी लागू पडत नाही, तिचे मागचे स्प्रिंगचे पट्टे इतके ताठ की आपल्या वजनाला दाद देत नाहीत. मी दुसरं केलं. एका खडबडीत रस्त्यावरून पंधरा-वीस मिनिटं चालवून आणली आणि खाली वाकून चारही शॉकना उलटा हात लावला. पुढचे दोन कोमट. मागचा एक जरासा. आणि मागचा डावा थंड, त्याच्या अंगावर तेलाचा ओला काळा ओघळ आणि त्यावर धूळ चिकटलेली. इतके मैल तो नुसता टांगलेला होता, काही न करता. ट्रक नवीन घेतला तेव्हापासूनचे मूळचे शॉक, मला ते कधी आठवलेही नव्हते. चारही बदलले, बिलस्टीनचे घातले, मोनोट्यूब म्हणजे एकाच नळीत तेल आणि गॅस वेगळे, त्यामुळे सतत काम पडलं तरी तेलाला फेस येत नाही. नवीन घातल्यावर तोच खडबडीत रस्ता, तेच वाकणं. चारही गरम. हे वाचून कुणाला हसू येईल पण मला त्या गरम नळ्यांबद्दल माया वाटली.

बाकीचं पटापट सांगतो. मागच्या टायरमध्ये मी हवा कमी ठेवत होतो, रिकामा ट्रक मऊ चालावा म्हणून, आता ओढायचं असेल तेव्हा भाराच्या तक्त्याप्रमाणे भरतो, मऊ बाजूचा टायर हा पाचवा-सहावा स्प्रिंगच असतो आणि त्याला शॉक नसतो. ट्रेलरच्या टायरमध्ये बाजूवर लिहिलेली पूर्ण हवा. हिचचा दांडा रिसीव्हरमध्ये, म्हणजे ट्रकच्या मागच्या चौकोनी खोबणीत, खडखडत होता, तो आवळणारा क्लँप लावला, तेवढ्याने टक-टप मधला टक निम्मा गेला. सामानाचं मात्र जरा थांबून सांगायला हवं. माझं टंग वेट 12 टक्के बरोबर असूनही ट्रेलर झुल्यासारखा का वागत होता, तर मागे बंपरला दोन सायकली लटकवलेल्या आणि त्यांचा तोल साधायला नकळत पुढच्या कप्प्यात हत्यारांची पेटी, साखळदंड, लाकडाचे ठोकळे. तागडीच्या दोन टोकांना सारखी वजनं टाकली तर काटा मधोमधच राहतो, पण एकदा हलला की थांबता थांबत नाही. दोन्हीकडचं काढून चाकांच्या वर, मधल्या ओट्याखाली नेलं, सायकली आत. काटा आधी होता तिथेच, हलणं मात्र कमी. आणि पाण्याची टाकी, भरलेली असली तर एका गॅलनला 8 पाउंडांहून जास्त, 40 गॅलन म्हणजे 330 पाउंड हिंदकळत येणार, ती आता पोचल्यावर तिथल्या नळाला भरतो.

आणि वेग. हे फुकटचं आहे म्हणून कुणी बोलत नसावं. लहान मुलाला झोका देताना आपण बरोब्बर त्याच्या परतीला हात लावतो म्हणून झोका वाढत जातो, अवेळी लावला तर अडखळतो. काँक्रीटचे सांधेही ठरावीक अंतरावर असतात, तेव्हा कुठल्या तरी एका वेगाला ते आपल्या गाडीला बरोब्बर वेळेवर झोका देत असतात. मी पोराला घड्याळ धरायला लावलं. 60 च्या वेगाला दहा सेकंदांत वीस टप. 60 मैल म्हणजे सेकंदाला 88 फूट, म्हणजे सांधे साधारण 44 फुटांवर, जुन्या रस्त्यांच्या फरशा अशा लांब असतात. सेकंदाला दोन झोके. ते माझ्या गाडीच्या स्वतःच्या डुलण्याशी फार जवळ येत असणार, कारण 53 वर आणलं आणि अर्ध्या मिनिटात नाक शांत व्हायला लागलं. वेग वाढवूनही तो ताल मोडता येतो म्हणतात, पण ट्रेलरच्या काही टायरांची मर्यादा 65 असते आणि 7,000 पाउंड मागे घेऊन तो प्रयोग माझ्याच्याने होणार नाही. पोराला हे गणित आवडलं. हेडफोन काढून मोजत बसला होता, पुढचे तीन पूल त्याने आपणहून मोजले.

यंदा त्याच रस्त्याने परतलो. तीच दुपार, तोच पांढरट उन्हात तळपणारा काँक्रीटचा पट्टा, मी पंचावन्नच्या खाली, उजव्या लेनमध्ये, मागचे ट्रक वैतागून ओलांडून जातायत. टक नाही, नुसतं टप. टप. नाक उचलतं, एकदा बसतं, संपलं. मी रस्त्यापेक्षा जास्त डोळ्याच्या कोपऱ्यातून तिच्याकडे बघत होतो. कॉफीचं झाकण काढलेलं होतं. उजवा हात हँडलवर नव्हता, मांडीवर होता, हे तिच्या लक्षात आलं होतं की नाही कोण जाणे. मी बराच वेळ गप्प राहिलो, मग न राहवून विचारलंच, ‘पुढच्या वर्षी पुन्हा?’

मान हलली नाही. जागच्या जागी स्थिर, एखाद्या फोटोतल्यासारखी.

टप. टप. टप.

‘बघू,’ ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, खिडकीबाहेर बघत, ‘पुलाच्या तोंडाशी अजून थोडं होतं बरं का.’